आजाऱ्याला विचारले काय?

निपाणीहून कोल्हापूरकडे जाताना कोगनोळीचा टोलनाका लागतो. पूर्वी तेथे गाडी थांबे, काच खाली होई आणि सुट्या पैशांवरून दोन शब्द होत. २०२१ च्या फेब्रुवारीत फास्टॅग सक्तीचा झाला. तेव्हापासून वरचे यंत्र काचेवरची चिकटपट्टी आपोआप वाचते, पैसे खात्यातून जातात आणि आडवा दांडा वर होतो. कोणी कोणाला काही विचारीत नाही. सोय मोठी आहे व तिच्याविषयी आमची काहीएक तक्रार नाही.

हेच तंत्र जगातील अनेक रुग्णालयांत वापरले जाते आणि आपल्या देशातही येऊ लागले आहे. रुग्णाच्या मनगटाला एक पट्टी बांधतात. तिच्यात एक बारीकशी चिप असते. त्या चिपेला स्वतःची विजेरी नसते. वाचणारे यंत्र जवळ आले की त्याच्या रेडिओ लहरींतूनच तिला क्षणभर शक्ती मिळते व ती आपला क्रमांक सांगते. त्या क्रमांकावर संगणकातील सारी नोंद उघडते: रक्तगट, चालू औषधे, जुनी शस्त्रक्रिया आणि जुने रोगही. नाक्यावर गाडीची ओळख पटते, येथे माणसाची. तर मग माणसालाही गाडीप्रमाणे, न विचारता वाचावे काय?

या पट्टीचा उपयोग आम्ही नाकारीत नाही. आमच्या भागात एकाच वॉर्डात एकाच नावाचे दोन पाटील सहज निघतात, आणि एकाचे रक्त दुसऱ्याला चढले तर जीव जातो. महामार्गावर अपघात होऊन जो बेशुद्ध पडला आहे त्याला विचारणार तरी कोण? अशा वेळी पट्टीने बोलावे हेच बरे. अमेरिकेत तर याच हेतूने २००४ मध्ये तांदळाच्या दाण्याएवढी चिप दंडाच्या कातडीखाली बसविण्यास सरकारी मान्यता मिळाली होती. तिच्यात सोळा आकडी क्रमांक तेवढा असे. परंतु लोकांनी ती फारशी स्वीकारली नाही व २०१० मध्ये तिची विक्री थांबली. पट्टी निदान घरी जाताना कापून टाकता येते.

आमच्याकडचा आजारी मनुष्य अजून पिशवी घेऊन हिंडतो. निपाणीत निदान झाले नाही तर बेळगाव, तेथून कोणी मिरजेला, कोणी कोल्हापूरला. कागद इंग्रजीत, शिक्का कानडीत, औषध कसे घ्यावे ते कोणीतरी मराठीत लिहून दिलेले, आणि त्यात गुंडाळी झालेला एक्स-रे. एस.टी.त ती पिशवी मांडीवर असते. कागद हरवतात, भिजतात, तीच तपासणी पुन्हा करावी लागते व गरिबाचे पैसे जातात. त्या पिशवीचे गोडवे आम्ही गाणार नाही. पण एक गोष्ट तिच्यात होती. डॉक्टर म्हणत, “कागद बघू,” आणि आजारी माणूस आपल्या हाताने गाठ सोडी.

येथे आम्हांला स्वतःची एक चूक सांगणे भाग आहे. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील एक भगिनी रुग्णालयात होती. ती विड्या वळून घर चालवीत असे. आम्ही भेटीला गेलो, तर पलंगाच्या पायथ्याशी तिचा तक्ता टांगलेला. आम्ही तो वाचला. कोणी मना केले नव्हते. क्षयरोग असे लिहिले होते. येत्या रविवारी उपासनेत आम्ही तिचे व तिच्या रोगाचे नाव घेऊन मोठ्या कळकळीने प्रार्थना केली. पंधरवड्याच्या आत तिच्या मुलीची ठरत आलेली सोयरीक मोडली. ती बाई सहा महिन्यांचे औषध पुरे करून बरी झाली, पण मंडळीत आली की शेवटच्या बाकावर बसू लागली. आम्ही क्षमा मागावयास गेलो तेव्हा ती एवढेच म्हणाली, “मला एकदा इचारायचं हुतं की वो, दादा.”

आमचा हेतू वाईट नव्हता. रुग्णालयानेही तो तक्ता उपचारासाठीच टांगला होता. कोणाचाच हेतू वाईट नसताना एका घराचे नुकसान झाले, म्हणूनच आम्ही या प्रश्नाकडे इतक्या गंभीरपणे पाहतो. तो तक्ता वाचायला निदान पलंगापाशी जावे लागत होते. संगणकातील नोंद शंभर ठिकाणांहून उघडता येते. ती चोरीसही जाते: २०२२ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या एम्ससारख्या संस्थेच्या संगणकांवर हल्ला झाला आणि कित्येक दिवस तेथील काम पुन्हा कागदावर करावे लागले.

आणि रोगाचे नाव माणसाला किती काळ चिकटून राहते! कुष्ठरोगावरील बहुविध औषधोपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये केली. रोग बरा होऊ लागला. तरीही कुष्ठरोगाच्या कारणावरून घटस्फोट किंवा विभक्तता मागण्याची तरतूद पाच कायद्यांत राहिली होती, आम्हां ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या घटस्फोट कायद्यातही. ती २०१९ मध्ये निघाली. कागद पिवळा पडून फाटतो. संगणकातील अक्षराला वाळवी लागत नाही.

कायद्याने हे ओळखले आहे. एचआयव्हीबाबतचा २०१७ चा कायदा रुग्णाच्या संमतीवाचून त्याची स्थिती उघड करण्यास, काही ठरावीक अपवाद सोडून, मनाई करतो. २०२१ च्या सप्टेंबरात देशभर सुरू झालेल्या आभा या चौदा आकडी आरोग्य-क्रमांकाच्या योजनेतही नोंद दाखविण्यास रुग्णाची संमती लागते. पण खिडकीपाशी रांग लागलेली असते. आत बसलेला म्हणतो, “मोबाईलवर आलेला नंबर सांगा,” आणि आजीबाई तो सांगून मोकळी होते. आपण कशाला हो म्हटले हे तिला कोणी सांगितलेले नसते. याला संमती म्हणावयास आमची जीभ रेटत नाही.

यरीहोच्या रस्त्यावर आंधळा बार्तीमय प्रभूपुढे आला तेव्हा त्याचे दुखणे कोणालाही दिसत होते. तरी प्रभूने त्याला विचारले की मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे. ज्याला सर्व ठाऊक होते त्याने विचारले, आणि मागणे त्या भिकाऱ्याच्या तोंडून येऊ दिले. आमच्या पट्ट्या व यंत्रे त्याच्याहून अधिक जाणतात असे नाही.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. रुग्ण शुद्धीवर असेल तर यंत्र जवळ नेण्यापूर्वी परिचारिकेने त्याला समजेल अशा भाषेत, मराठीत किंवा कानडीत, सांगावे की आता तुमची नोंद उघडते. चालेल ना? औषध देणाऱ्याला औषधापुरते दिसावे, जेवण देणाऱ्याला पथ्यापुरते. याला अर्धे मिनिट अधिक लागेल. वॉर्डात खाटा चाळीस आणि परिचारिका दोन असतात, तेव्हा अर्धे मिनिटही थोडे नसते हे आम्ही जाणतो. तरीही ते द्यावे.

आमच्या मंडळीत आता प्रार्थना-विनंती घेताना घरच्यांना नव्हे, आधी आजाऱ्यालाच विचारतो की काय सांगू. कोणी रोगाचे नाव सांगतात. कोणी म्हणतात, नुसते नाव घ्या. एकाने तर नावही घेऊ नका म्हटले, आणि त्या रविवारी कोणासाठी प्रार्थना चालली आहे हे मंडळीतील वडिलांपैकी दोघांनी उपासनेनंतर आम्हांला विचारले. आम्ही सांगितले नाही. त्यांना ते फारसे रुचले नाही.