पायटेचा आकडा

नागपूरच्या एका रुग्णालयात शिरांच्या विकारांवर उपचार करणारा एक तरुण डॉक्टर होता. हात हलका, डोकं तल्लख आणि नव्या यंत्रावर भारी जीव. जांघेतल्या शिरेतून एक बारीक नळी वर पोटापर्यंत सरकवायची. तिच्या टोकालाच सोनोग्राफीचं इवलंसं यंत्र. नळी हळूहळू मागे ओढली की शिरेचे आतून दिसणारे आडवे काप पडद्यावर एकामागून एक सरकतात. पूर्वी डॉक्टर त्यातला हवा तो काप थांबवून शिरेच्या आतल्या कडेवर हाताने रेघ काढत आणि मग क्षेत्रफळ मोजत. मोजणारा बदलला की माप थोडं इकडेतिकडे होई. आता डॉक्टरांनी रेघा काढलेली ढीगभर चित्रं दाखवून संगणकालाच ते काम शिकवलं होतं. नळी बाहेर येते न येते तोच शीर किती टक्के अरुंद आहे ते पडद्यावर उमटायचं.

पांढरकवड्याच्या एका बाईंमुळे त्याचा या यंत्रावरचा विश्वास पक्का झाला होता. बाईंच्या डाव्या घोट्यावरची जखम वर्षभर भरत नव्हती. रंगद्रव्य सोडून काढलेल्या एक्स-रेमध्ये पोटातली शीर चांगली रुंद दिसली, म्हणून आधी सगळ्यांनी ती निर्दोष ठरवली होती. पण पोटातली डावी शीर कण्यावरून जाते आणि तिच्यावरून उजवी धमनी आडवी जाते. या दोहोंत शीर दबली की ती समोरून मागे चपटी होते, आणि चपटी झालेली शीर समोरून बघणाऱ्याला उलट रुंदच दिसते. आतून काढलेल्या कापांत मात्र ती पार मिटलेली होती. शीर उघडी ठेवणारा स्टेंट बसला आणि पुढच्या काही महिन्यांत जखम भरून आली. तेव्हापासून तरुण डॉक्टर सगळ्यांना सांगायचा, "२०१७ साली १०० रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एक्स-रेने ५१ जणांत दोष दाखवला, शिरेच्या आतल्या सोनोग्राफीने ७७ जणांत. ५७ जणांचा उपचारच बदलावा लागला. डोळ्यावर काय विसंबता?"

त्याचं म्हणणं खरं होतं.

मे महिन्यात आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेला भागातून आबा म्हणून एक शेतकरी आले. घरात मराठी, बाजारात तेलुगू, आणि दवाखान्यासाठी पैनगंगा ओलांडून नागपूर, असा त्या गावांचा रिवाज. त्यांचा डावा पाय संध्याकाळपर्यंत सुजून जड व्हायचा. आधी एका ठिकाणी झोपवून बाहेरून रक्तप्रवाह पाहणारा डॉप्लर केला होता, त्यात काही सापडलं नव्हतं. "उपाशी पोटी या" एवढं त्यांना फोनवर सांगितलेलं. त्यांनी ते एकादशीहून कडक पाळलं आणि रात्रभराच्या प्रवासात पाण्याचा घोटही घेतला नाही.

टेबलावर ते जागेच होते, जांघेपुरती भूल दिलेली. नळी मागे आली आणि पडद्यावर ६२ टक्के आला. शीर निम्म्याहून जास्त दबलेली असली की स्टेंटचा विचार करतात. तरुण डॉक्टरने स्टेंटची मापं मागवली.

"डॉक्टरसाहेब, कायचं मोजून राहिलं हे मशीन?" आबांनी मान वळवून विचारलं.

"तुमची शीर, आबा. किती दबली आहे ते."

"आमच्या आदिलाबादच्या मार्केट यार्डातबी असंच मशीन असते. सरकारी खरेदीचे सीसीआयवाले कापसात खुपसतेत अन् ओलावा सांगतेत. आठाच्या आत आला तं पूरा भाव, वर गेला तं कटाई, बाराच्या वर गेला तं गाडी वापस."

"मग ते मशीन बरोबर सांगतं ना?"

"बरोबरच सांगते. पायटे दहिवर पडलेली गाडी लावली तं तेरा सांगते, दुपारी ऊन खाल्लेली लावली तं अकरा सांगते. कापूस तोच, गाडी तीच. मशीन खोटं नाही बोलत, साहेब. पण पायटेचं विचारलं तं ते पायटेचंच सांगणार ना."

तरुण डॉक्टर हसला. मागे उभ्या असलेल्या वरिष्ठ डॉक्टरबाई मात्र पुढे आल्या.

"आबा, पाणी कधी प्यालात शेवटचं?"

"काल सांजच्याला, मॅडम. उपाशी या म्हणलं होतं ना."

बाईंनी स्टेंट थांबवायला सांगितलं. "नळी आतच राहू दे. अर्धा लिटर सलाईन जाऊ दे, मग पुन्हा मोज. आणि या वेळी त्यांना श्वास रोखून पोटात जोर लावायला सांग."

"मॅडम, पण आकडा स्पष्ट आहे."

"आकडा स्पष्टच आहे. शिरेची भिंत मऊ असते रे. अंगात पाणी कमी असलं की ती आपोआप चपटी होते. त्या बिचाऱ्या संगणकाला कापाची कड दिसते, आबांची रिकामी घागर दिसत नाही."

सलाईन गेलं. नळी पुन्हा मागे ओढली. यंत्र तेच, शीर तीच, आणि आकडा ३४.

तरुण डॉक्टर गप्प झाला. बाई म्हणाल्या, "मे आणि थर्नर या ऑस्ट्रियातल्या दोघांनी १९५७ साली ४३० मृतदेहांतली ही जागा तपासली. २२ टक्क्यांत शिरेच्या आत दाबामुळे तयार झालेले पडदे सापडले. २००४ साली पायाची काहीच तक्रार नसलेल्या ५० जणांचे सीटी स्कॅन पाहिले, तर जवळजवळ चौथाई जणांची शीर निम्म्याहून जास्त दबलेली. एवढ्या सगळ्यांना स्टेंट घालणार का? एकदा घातला की तो जन्माचा सोबती, शिवाय रक्त पातळ करायच्या गोळ्या. पांढरकवड्याच्या बाईंना तो हवाच होता, कारण त्यांची जखम त्या आकड्याशी जुळत होती. आबांची सूज कशाशी जुळते ते अजून आपण पाहिलेलंच नाही."

दुसऱ्या दिवशी आबांना उभं करून पायाचा डॉप्लर केला. पोटरी दाबून सोडली की मांडीच्या आतल्या बाजूने जाणाऱ्या लांब शिरेतलं रक्त वर जायचं आणि तसंच धो धो खाली परतायचं. झडपा निकामी झाल्या होत्या. आधीचा डॉप्लर खोटा नव्हता. झोपलेल्या माणसाच्या शिरेत रक्ताला खाली ओढणारं वजन नसतं, म्हणून झडपेची गळती त्यात पकडली गेली नव्हती. ती शीर लेझरने बंद केली, पायात दाबाचे मोजे दिले आणि आबा दोन दिवसांनी पैनगंगेपलीकडे परतले.

तरुण डॉक्टरने यंत्र सोडलं नाही, आणि सोडायचं कारणही नव्हतं. त्याने अहवालाच्या छापील कागदावर टक्क्यांच्या वर दोन नवे रकाने घातले: शेवटचं पाणी किती वाजता घेतलं, आणि माप घेताना रुग्ण कसा होता, म्हणजे श्वास रोखून की साधा. हे दोन रकाने भरल्याशिवाय टक्के लिहायचे नाहीत असा नेम केला. "उपाशी पोटी या" या निरोपातही भर पडली: साधं पाणी तपासणीच्या दोन तास आधीपर्यंत चालेल.

नव्याने आलेल्या एका शिकाऊ डॉक्टरने विचारलं, "सर, यंत्र इतकं अचूक आहे, मग ही लिखापढी कशाला?"

तो म्हणाला, "अचूक आहे म्हणूनच. चुकणारं यंत्र असतं तर आपण त्याला दोनदा विचारलंच असतं."

तात्पर्य: खोटं माप लवकर उघडं पडतं. खऱ्या मापालाच विचारावं लागतं की ते केव्हाचं आहे आणि कोणत्या स्थितीतलं.