येशू कोण? शेजाऱ्याचे उत्तर आणि आपले उत्तर



काही आठवड्यांपूर्वी रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात सहावीतल्या एका मुलाने प्रश्न विचारला. शाळेत त्याच्या बाकावर बसणारा मित्र मुसलमान आहे. दोघे डबा एकत्र खातात. बोलता बोलता तो मित्र म्हणाला, "ईसा आमचेपण आहेत. पण ते अल्लाचे मुलगे नाहीत. अल्लाला मुलगा नसतो." आपला मुलगा गप्प बसला आणि रविवारी येऊन त्याने विचारले, "तो खोटं बोलतो का?" वर्ग सुटायची वेळ झाली होती. आम्ही घाईत सांगून टाकले, "ज्याचा त्याचा धर्म, बाळा. शेवटी सगळे एकच."

मुलाचे समाधान झाले नाही. खरे सांगायचे तर आमचेही झाले नाही. सगळे एकच असेल, तर दर रविवारी मिस्सामध्ये उभे राहून आपण श्रद्धांगीकार करतो तो कशासाठी?

वीरसारख्या ठिकाणी हा प्रश्न पुस्तकातला राहत नाही. वसईत एखाद्या कॅथलिक गावातल्या मुलाला तो मोठा होईपर्यंत कदाचित भेटणारही नाही. इथे आपली घरे मोजकी. महाडला बाजाराला गेलो, वीर स्टेशनावर गाडीची वाट पाहत बसलो, तर आजूबाजूला हिंदू, कोकणी मुसलमान आणि बौद्ध बंधुभगिनी असतात. येशू कोण, या प्रश्नाला यांतल्या प्रत्येकाकडे उत्तर आहे. ती उत्तरे आपण कधी नीट ऐकली आहेत का?

त्या मुलाच्या मित्राचेच घ्या. कुराणातल्या एका संपूर्ण अध्यायाला मरियम हे नाव आहे. आपल्या नव्या करारात पवित्र मरियेचे नाव जितक्या वेळा येते, त्याहून अधिक वेळा ते कुराणात येते. ईसांचा जन्म कुमारीच्या पोटी झाला, त्यांनी आजाऱ्यांना बरे केले, ते पुन्हा येणार आहेत, हे सगळे मुसलमान बांधव मानतात. पण ते पैगंबर, देव नव्हेत. आणि ते क्रुसावर मरण पावले हेही त्यांना मान्य नाही. हा नकार येशूविषयीच्या अनादरातून येत नाही. देव एकच आहे, त्याच्या बरोबरीला कोणाला बसवू नये, या आदरातून तो येतो. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांविषयीचा जाहीरनामा काढला, त्यात ही गोष्ट मोकळेपणाने नोंदवली आहे: मुसलमान येशूला देव मानत नाहीत, पण संदेष्टा म्हणून त्याचा मान राखतात आणि त्याच्या मातेलाही मान देतात. साठ वर्षे होऊन गेली. आपल्या किती घरांत हे माहीत आहे?

आपल्याच जिल्ह्यात पूर्वी आणखी एक समाज मोठ्या संख्येने होता. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. हे बेने इस्राएल, मराठी बोलणारे यहुदी. पेणकर, रोहेकर, दिवेकर ही त्यांची आडनावे आपल्याच गावांवरून पडलेली. १९४८ नंतर बहुतेक घरे इस्राएलला गेली. प्रभू येशू ज्या लोकांत जन्मला, ज्यांच्या प्रार्थना त्याने लहानपणी पाठ केल्या, त्याच परंपरेतले हे लोक. मसीहा अजून यायचा आहे आणि देव मनुष्य होत नाही, असे ते मानतात.

हिंदू शेजाऱ्यांचे उत्तर आपल्याला सर्वांत गोड वाटते. नाताळात घरी आले की गोठ्यापुढे हात जोडतात. कुणाच्या देव्हाऱ्यात येशूची तसबीरही असते. एवढे देव आहेत, त्यांत हा एक. आपण खूश होतो. पण जरा विचार केला तर आपला श्रद्धांगीकार हे म्हणत नाही. नाकारणारा मित्र निदान आपला दावा काय आहे ते ओळखून नाकारतो. सहज स्वीकारणाऱ्याला तो दावा ऐकूच आलेला नसतो. हा त्यांचा दोष नव्हे. आपण कधी सांगितलाच नाही.

सर्वांत कठीण उत्तर मात्र आपल्या महाडशी जोडलेले आहे, आणि त्यावर आपण थोडे थांबले पाहिजे.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या हजारो बांधवांसह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडमध्ये मनुस्मृती जाळण्यात आली. तो नाताळचा दिवस होता. या दोन गोष्टी आपण कधी एकत्र आठवत नाही. पुढे १९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात बाबासाहेबांनी एक लेख लिहिला आणि त्यात चार धर्मसंस्थापकांची तुलना केली. येशूने स्वतःला देवाचा पुत्र म्हटले, महंमदांनी स्वतःला देवाचा प्रेषित म्हटले, कृष्णाने स्वतःला देवच म्हटले. बुद्धाने असा कोणताच दावा केला नाही. तो मार्गदाता राहिला, मोक्षदाता झाला नाही. बाबासाहेबांना बुद्ध जवळचा वाटला त्याचे हे एक मोठे कारण. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या प्रतिज्ञांमध्येही देवाने अवतार घेतला यावर विश्वास नाही, अशी एक प्रतिज्ञा आहे. आपले बौद्ध शेजारी ती मनापासून पाळतात.

हा नकार तर्काच्या वहीत केलेला नाही. ज्यांनी देवाच्या नावाने पाणी अडवले, त्यांचा अनुभव घेतलेल्या माणसाने तो केला आहे. देव माणसात आला असे म्हणणारे लोक माणसाला कसे वागवतात, हे पाहून त्याने ठरवले. आपण त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातली गोष्ट सांगू शकतो: दमलेला येशू विहिरीवर बसला आहे आणि ज्यांच्या भांड्याला यहुदी शिवत नसत अशा शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागतो आहे. चवदार तळ्याच्या गावात या गोष्टीचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पण लगेच पुढचा प्रश्न येईल, आणि तो रास्त असेल: मग तुमच्यात जाती कशा टिकल्या? भारतात कितीतरी ठिकाणी ख्रिस्ती लोकांनी बसायच्या जागा वेगळ्या ठेवल्या, दफनभूमी वेगळ्या ठेवल्या. लग्न जुळवताना आपल्या घरांत आजही काय विचारले जाते, हे आपल्याला ठाऊक आहे. विहिरीवर पाणी मागणारा तो देव होता, असे आपण म्हणतो. आपण तसे वागलो असतो, तर बाबासाहेबांचा प्रश्न आपल्यापाशी इतका जड झाला नसता.

आता बाहेरच्यांविषयी पुरे. बाप्तिस्मा घेतलेल्यांच्या मनातही हा प्रश्न उठतो. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज येथे मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. ज्या अँग्लिकन भगिनींनी त्यांना आसरा दिला, त्यांच्याशी लवकरच त्यांचा वाद सुरू झाला. देव एक आहे हे रमाबाईंना पटले होते. पण त्रैक्य आणि ख्रिस्ताचे देवत्व त्यांच्या बुद्धीला पटेना, आणि पटल्याशिवाय त्या तोंडाने म्हणेनात. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्रात छापला गेला आहे. तो वाचताना आमची मती दोन्हीकडे ओढली जाते. सिस्टरांना वाटते, हिने बाप्तिस्मा घेतला, मग आता हिने ख्रिस्तसभेचे ऐकावे. रमाबाईंना वाटते, एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी नुकती सुटले आहे, दुसऱ्याच्या जोखडात लगेच मान कशी देऊ?

आम्ही कॅथलिक, रमाबाईंचे त्या वेळचे मत आम्हांला मान्य होणार नाही. तरीही त्या पत्रांत सिस्टरांपेक्षा रमाबाईच अधिक गंभीरपणे येशूचा विचार करत आहेत, असे आम्हांला वाटते. पुढे काही वर्षांनी त्यांनी लिहिले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. तो त्यांना सापडला. केडगावच्या मुक्ती मिशनात त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२२ साली त्या गेल्या. पण कुणी दटावले म्हणून त्या विश्वासापर्यंत आल्या नाहीत, हे विसरून चालणार नाही.

आणि आपण? आपण तर सगळे पाठ म्हणतो. इ. स. ३२५ मध्ये नायसिया येथे धर्माचार्य जमले ते याच प्रश्नासाठी. आलेक्झांड्रियाचा धर्मगुरू आरियस म्हणत होता की पुत्र थोर आहे, पण निर्माण केलेला आहे. परिषदेने ठरवले की पुत्र पित्याशी एकसत्त्व आहे. त्या परिषदेला २०२५ मध्ये १,७०० वर्षे झाली आणि पोप लिओ चौदावे नोव्हेंबरमध्ये तुर्कस्तानात त्या ठिकाणी प्रार्थनेला गेले. पण आरियसची चूक आपल्या गावात फारशी आढळत नाही. आपली चूक उलटी आहे. येशू देव आहे हे आपण इतके पक्के धरतो की तो खरोखर माणूस होता हे विसरतो. त्याला भूक लागली, तो थकला, मित्राच्या कबरीपाशी रडला, हे आपण वरवरचे समजतो. ४५१ च्या खाल्सेदोन परिषदेने तो पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य असल्याचे सांगितले ते उगाच नाही. विहिरीवरचा तो थकवा लटका असेल, तर पाणी मागणेही नाटकच ठरेल.

तेव्हा त्या मुलाला आम्ही पुन्हा बोलावले. सांगितले, "तुझा मित्र खोटं बोलत नाही. खोटं म्हणजे स्वतःला जे खरं वाटत नाही ते सांगणं. तो त्याला खरं वाटतं तेच सांगतो. आपल्याला त्याहून वेगळं खरं वाटतं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही, म्हणून मागे 'सगळे एकच' म्हटलं ते आमचं चुकलं." त्याने लगेच विचारले, "मग मी त्याला काय सांगू?" आम्ही म्हणालो, आधी त्याला मरियमविषयी विचार, तो काय सांगतो ते ऐक. मग तुला तुझा येशू का आवडतो ते सांग. मुलगा थोडा वेळ विचारात पडला आणि म्हणाला, "ते मला अजून नीट माहीत नाही."

पुढच्या रविवारी मिस्सानंतर यावरच अर्धा तास बसायचे आहे, फक्त मुलांनी नव्हे, मोठ्यांनीही. योहानाचा चौथा अध्याय घरी वाचून या. बायबल नसेल त्यांनी आधी सांगावे, म्हणजे प्रत आणून ठेवता येईल.