वगळलेल्यांची मोजदाद : 'मूनरेकर' आणि निवडीचा नैतिक प्रश्न

१

लोकप्रिय कथनप्रकारांतील नीती ही आधीच ठरून गेलेली असते आणि म्हणून तिच्याविषयी विचारण्याजोगा प्रश्नच शिल्लक राहत नाही, अशी एक समजूत साहित्यविचारात रूढ आहे. खलनायक संहाराचा बेत रचतो, नायक तो उधळून लावतो. सुष्ट आणि दुष्ट यांची वाटणी प्रारंभीच झालेली असते. इआन फ्लेमिंग यांच्या जेम्स बाँड कादंबऱ्यांचे उम्बेर्तो एको यांनी १९६०च्या दशकात जे विश्लेषण केले, त्यातून या समजुतीला वरवर पाहता बळकटीच मिळते. व्यक्तींच्या आणि मूल्यांच्या परस्परविरोधी जोड्या आणि ठरावीक चालींनी पुढे सरकणारा खेळ, असे या कथांचे रूप एको यांनी दाखवून दिले. खेळाचे नियम ठाऊक असणे हाच त्यातील आनंदाचा भाग असतो.

तथापि नियम ठरलेले असणे म्हणजे नैतिक प्रश्न सुटलेला असणे नव्हे. नियम कोणाला खेळाडू मानतात आणि कोणाला केवळ सोंगटी, हा प्रश्न उरतोच. लुईस गिल्बर्ट यांनी दिग्दर्शित केलेला आणि क्रिस्टोफर वुड यांनी पटकथा लिहिलेला 'मूनरेकर' (१९७९) हा चित्रपट या प्रश्नाच्या दृष्टीने विशेष उद्बोधक ठरतो. कारण माणसांची निवड करण्याचा अधिकार कोणाला, हेच त्याचे उघड आशयसूत्र आहे.

२

फ्लेमिंग यांच्या १९५५ सालच्या मूळ कादंबरीत ह्यूगो ड्रॅक्स हा इंग्लंडमध्ये देशभक्त म्हणून गौरविला गेलेला, परंतु वस्तुतः नाझी असलेला जर्मन माणूस आहे. अण्वस्त्र बसविलेले क्षेपणास्त्र लंडनवर सोडून त्याला पराभवाचा सूड घ्यावयाचा असतो. चित्रपटाने त्याचे नाव ठेवले आणि हेतू मुळापासून बदलला. 'स्टार वॉर्स' (१९७७) च्या यशानंतर बाँडला अंतराळात नेण्याचा निर्णय झाला आणि त्याबरोबर खलत्वाची व्याप्तीही विस्तारली. मायकेल लॉन्सडेल यांनी साकारलेला ड्रॅक्स हा अंतराळयाने बांधणारा धनाढ्य उद्योगपती आहे. फ्रान्समधून आणून पुन्हा उभारलेल्या प्रासादात तो राहतो, पियानो वाजवतो, कधीही आवाज चढवीत नाही. त्याला कोणा राष्ट्राचा सूड घ्यावयाचा नाही. त्याला मानवजात नव्याने लिहावयाची आहे.

त्याच्या योजनेचे तपशील अर्थपूर्ण आहेत. एका दुर्मिळ ऑर्किडपासून सिद्ध केलेला विषारी वायू केवळ माणसांना मारतो; पशू आणि वनस्पती यांना त्याची बाधा होत नाही. असे पन्नास गोल अंतराळस्थानकावरून पृथ्वीकडे सोडावयाचे आणि प्रत्येकाने दहा कोटी माणसे मारावयाची. स्थानकावर मात्र शारीरदृष्ट्या निर्दोष अशी तरुण जोडपी असतील आणि ओसाड झालेल्या पृथ्वीवर पुढे त्यांची संतती नांदेल. जलप्रलयाच्या आदिकथेचे हे आधुनिक रूप आहे. परंतु त्या कथेत तारणाचा निकष सदाचरण हा होता, येथे तो सौष्ठव हा आहे. १८८३ मध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी ज्या विचाराला सुप्रजननशास्त्र असे नाव दिले आणि ज्याची भीषण परिणती नाझी राजवटीत झाली, तोच विचार येथे अंतराळात पोहोचला आहे. कादंबरीतील नाझी या अर्थाने चित्रपटातून गेलेला नाही. त्याने गणवेश तेवढा उतरविला आहे.

कांटने १७८५ मध्ये किंमत आणि प्रतिष्ठा यांत जो भेद केला, तो येथे साहाय्यकारी ठरतो. ज्याला किंमत असते त्याच्या जागी तितक्याच मोलाचे दुसरे काही ठेवता येते. ज्याला प्रतिष्ठा असते त्याची भरपाई कशानेही होत नाही. ड्रॅक्सच्या लेखी माणसाला केवळ किंमत आहे. दोषयुक्त माणसांच्या जागी निर्दोष माणसे आली की त्याचा हिशेब जुळतो. त्याचे खलत्व क्रौर्यात नाही, या हिशेबीपणात आहे.

३

चित्रपटातील नैतिक कलाटणी मात्र नायकाच्या ठायी घडत नाही. ती घडते जॉज या पोलादी दातांच्या महाकाय मारेकऱ्याच्या ठायी. स्थानकावर बाँड आणि हॉली गुडहेड पकडले जातात, तेव्हा बाँड ड्रॅक्सला एक साधा प्रश्न विचारतो : शारीरिक परिपूर्णतेच्या मापात न बसणाऱ्यांचा नायनाटच होणार ना? उत्तर ड्रॅक्सकडून अपेक्षित असले तरी प्रश्न जॉजसाठी आहे. जॉज स्वतःकडे पाहतो, शेजारी उभ्या असलेल्या, चष्मा लावणाऱ्या ठेंगण्या डॉलीकडे पाहतो आणि ज्या यादीचे रक्षण तो करीत आला त्या यादीत आपण दोघेही नाही, हे त्याला उमगते. तो पक्ष बदलतो.

भरताने हास्याच्या विभावांत विकृत वेष आणि अलंकार यांचा निर्देश केला आहे. जॉज हा आतापर्यंत याच अर्थाने हास्याचा विषय होता. ज्या वैगुण्यावर प्रेक्षक हसत आला, तेच वैगुण्य या क्षणी माणुसकीचा पुरावा होऊन बसते. चित्रपटातील हा सर्वांत गंभीर क्षण आहे आणि तो जवळजवळ निःशब्द आहे.

परंतु या परिवर्तनाचे नैतिक मोल काय? जॉजला मानवजातीची कणव आलेली नाही. त्याला स्वतःची आणि आपल्या प्रियेची काळजी वाटली आहे. काटेकोर कांटवादी दृष्टीने हे कृत्य कर्तव्यबुद्धीने केलेले नव्हे, म्हणून त्याला नैतिक मोल नाही, असे म्हणता येईल. तथापि जॉन रॉल्स यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या अज्ञानाच्या पडद्याच्या कल्पनेतून पाहिल्यास चित्र बदलते. व्यवस्थेत आपले स्थान कोणते असेल हे ठाऊक नसताना जी व्यवस्था आपण स्वीकारू ती न्याय्य, असे रॉल्स म्हणतात. जॉजचा प्रवास नेमका उलट दिशेने झाला आहे. आपले स्थान सुरक्षित आहे या भ्रमात त्याने अन्यायाची चाकरी केली. स्थान नाही हे कळताच अन्याय त्याला दिसू लागला. हे नीतीचे शिखर नव्हे हे खरे. पण बहुसंख्य माणसांच्या बाबतीत नीतीचा आरंभ याच उंबरठ्यावर होतो. वगळलेल्याला यादी दिसते; यादीत असलेल्याला ती दिसत नाही.

४

येथपर्यंत चित्रपट स्वतःच्या बाजूने निर्दोष वाटतो. आता त्याने लावलेला निकष त्याच्याच कथनाला लावून पाहावयास हवा.

व्हेनिसमधील गुप्त प्रयोगशाळेचा प्रसंग पाहावा. बाँडच्या हाताळणीतून मागे राहिलेली एक कुपी पडून फुटते आणि तेथील दोन शास्त्रज्ञ तडफडून मरतात. पिंजऱ्यातील प्राणी जिवंत राहतात. काचेपलीकडून बाँड हे पाहतो. वायूचे स्वरूप त्याला आणि प्रेक्षकाला कळते. येथे दोन मृत्यू हे माहितीचे वाहन आहेत. पुढच्या भेटीत बाँडचे वरिष्ठ वायुरोधक मुखवटे चढवून त्याच जागी येतात, तेव्हा प्रयोगशाळेच्या जागी भपकेदार दिवाणखाना असतो आणि सर्वांची फजिती होते. नायकाच्या अनवधानाने घडलेल्या मृत्यूंवर हास्याचा पडदा पडतो. अनपेक्षित परिणामांची जबाबदारी कर्त्यावर कितपत पडते, हा नैतिक दैवाचा प्रश्न बर्नर्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल यांनी १९७६ मध्ये, म्हणजे या चित्रपटाच्या अवघी तीन वर्षे आधी, चर्चेत आणला होता. चित्रपटाला तो प्रश्न पडलेलाच नाही. बाँडला मदत करणारी कोरीन ड्रॅक्सच्या कुत्र्यांकडून मारली जाते. तिच्यासाठीही कथा थांबत नाही.

सर्वांत बोलका प्रसंग शेवटचा आहे. अंतराळस्थानक कोसळते. निवडलेली तरुण जोडपी तेथेच असतात. ती संहारात सामील आहेत की केवळ निवडली गेली आहेत, हे ठरविण्याची तसदी कथन घेत नाही. त्यांचे पुढे काय झाले हेही सांगत नाही. मात्र पृथ्वीकडे निघालेले तीन गोल नष्ट करण्यासाठी बाँड आणि हॉली यांनी केलेला पाठलाग तपशिलाने दाखविला जातो. म्हणजे जे मेले असते त्यांचा हिशेब कोटींत उपलब्ध आहे. जे मेले त्यांचा नाही. ड्रॅक्सने अपूर्ण माणसांना वगळले, तर चित्रपटाने त्याच्या पूर्ण माणसांना.

जॉज आणि डॉली मात्र वाचतात. जॉज सज्जन का होऊ नये, अशी विचारणा करणारी पत्रे लहान प्रेक्षकांकडून आल्यामुळे त्याला नायकाच्या बाजूला आणल्याचे गिल्बर्ट यांनी सांगितले आहे. मुलांची ही मागणी निर्मळ आहे, यात संशय नाही. परंतु तारणाचा निकष या ठिकाणी कोणता ठरला, हे लक्षात घ्यावयास हवे. ड्रॅक्सच्या जगात सुडौल असलेला वाचतो. चित्रपटाच्या जगात प्रेक्षकाला आवडलेला वाचतो.

५

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो गंभीर आहे. निवड हा कथनाचा धर्मच आहे. कोणतीही कथा सर्वांना नाव देऊ शकत नाही, सर्वांचा शोक करू शकत नाही. मग कथनाच्या काटकसरीला संहाराच्या पंक्तीला बसविणे हा शब्दच्छल नव्हे काय? पडद्यावरील मृत्यूत कोणी मरत नाही.

आक्षेपातील तथ्य मान्य करूनही दोन गोष्टींतील अंतर स्पष्ट करता येते. उल्लेख न करणे वेगळे आणि मृत्यू दाखवून त्याचे वजन काढून घेणे वेगळे. पहिली कथनाची मर्यादा आहे, दुसरी कथनाची भूमिका. महाभारताच्या स्त्रीपर्वात गांधारीचा विलाप विजेत्यांना ऐकावा लागतो आणि धृतराष्ट्र युधिष्ठिराला रणात पडलेल्यांची संख्या विचारतो. तेथेही प्रत्येकाचे नाव येत नाही; पण मोजण्याची जबाबदारी विजेत्यावर टाकलेली आहे. महाकाव्याची अपेक्षा साहसपटाकडून करणे अन्यायाचे होईल, हे खरे. तरीही मोजदादीचा प्रश्न ज्या चित्रपटाने स्वतःच उपस्थित केला, त्याला तो परत विचारण्यात अन्याय नाही.

शिवाय पडद्यावर कोणी मरत नसले तरी पाहणाऱ्याची सवय घडत असते. कोणत्या मृत्यूपाशी थांबावयाचे आणि कोणत्या मृत्यूवरून पुढे सरकावयाचे, याचे वळण अशा कथांतून अंगी मुरते. 'मूनरेकर'चा प्रेक्षक ड्रॅक्सचा धिक्कार करून बाहेर पडतो आणि तो धिक्कार प्रामाणिक असतो. परंतु जॉजला जो क्षण लाभला तो या प्रेक्षकाला लाभत नाही. आपल्या बाजूच्या यादीत कोण नाही, हे पाहण्याची वेळ त्याच्यावर येत नाही, कारण त्याचे आसन पहिल्यापासून यादीच्या आतच असते. लोकप्रिय कथनाच्या नैतिक समीक्षेने खलनायकाच्या गुन्ह्यांची उजळणी करण्याऐवजी प्रेक्षकाला त्या आसनावरून क्षणभर उठविणे अगत्याचे आहे. स्थानकावर विचारलेला बाँडचा प्रश्न योग्यच होता. तो एकट्या ड्रॅक्सला विचारला गेला, एवढेच त्याचे न्यून.