कोटावरचं फूल कोणत्या देवाचं?

बोईसरच्या हॉलमधल्या स्वागत समारंभात नवरदेव कोट घालतो, तेव्हा छातीवर बहुधा गुलाबच येतो. विकत मिळतो, प्रश्न मिटतो. पण नेहमीचं सोडून दुसरं काही लावायचं म्हटलं, की पुराणं आडवी येतात. कोकण किनाऱ्यावरचा केवडाच घ्या: सुगंधी, पिवळसर पात्यांचा, कोटावर देखणा. मात्र ब्रह्मदेवासाठी खोटी साक्ष दिल्याच्या कथेमुळे तो एरवी शंकराला वाहत नाहीत. मग तो मंगलकार्यात चालेल का?

उत्तर विधीतच आहे. कन्यादानात वराला विष्णुरूप मानतात. शंकराचा निषेध त्याला कशाला लागू व्हावा? तोच तर्क पुढे नेला, तर सर्वांत शास्त्रोक्त ठरेल ती तुळशीची मंजिरी. ती फुलाइतकी मिरवणार नाही, हे खरं. पण गीतेच्या 9व्या अध्यायातल्या 26व्या श्लोकात देव पानही स्वीकारतो, अट फक्त भक्तीची.

पालघर जिल्ह्यातल्या वारली लग्नात हा प्रश्न छातीवरून भिंतीवर जातो. परंपरेने सुवासिनी तांदळाच्या पिठाने देवचौक रेखतात, त्यात पालघट देवी बसते. विधी धवलेरी, म्हणजे एक स्त्री, गाणी म्हणत चालवते. इथे पवित्रता नवऱ्याच्या अंगावर नाही, घराच्या मातीवर उमटते. कोटाचा खिसा त्यापुढे फारच लहान जागा. तरी तिथे मंजिरी खोचायची झाली, तर देठाला ओला कापूस गुंडाळावा. बोईसरच्या मे महिन्यात ती तासाभरात मान टाकते.