उषस्तीचे पाणी आणि विजेची यादी

छांदोग्य उपनिषदात उषस्ति चाक्रायणाची कथा येते. कुरुदेशातली पिके बुडाली, तेव्हा या विद्वानाने एका माहुताकडून उष्टे उडीद मागून खाल्ले. माहुताने उष्टे पाणीही पुढे केले, ते मात्र त्याने नाकारले. उडीद खाल्ले नसते तर मी जगलो नसतो, पाणी मला कुठेही मिळेल, असे त्याचे कारण. आपद्धर्माची मर्यादा याहून नेमकी कुठे सांगितलेली मला आठवत नाही: नियम मोडण्याची मुभा गरजेपुरतीच. वीजटंचाईत कोणाचा पुरवठा तोडायचा नाही याची यादी सरकार करते, तेव्हा समतेचा नियम तेही मोडतच असते. म्हणून त्या यादीलाही हीच कसोटी लावली पाहिजे.

फेब्रुवारी २०२१च्या कडाक्याच्या थंडीत अमेरिकेच्या टेक्सास राज्यात सुमारे ४५ लाख घरे आणि आस्थापना अंधारात गेल्या. राज्याच्या आरोग्य खात्याने पुढे २४६ मृत्यू नोंदवले. यादी तिथेही होती. पण रुग्णालयांसारख्या सेवांसाठी राखलेल्या फीडरांवर, म्हणजे एकेका भागाला वीज पोहोचवणाऱ्या वाहिन्यांवर, शहरांच्या मध्यभागातल्या रिकाम्या कचेऱ्याही होत्या. ऑस्टिनमध्ये त्या उजळलेल्या राहिल्या आणि थोड्याच अंतरावर माणसे घरात गारठत होती. उलट नैसर्गिक वायूच्या अनेक केंद्रांची यादीत नोंदच नव्हती. त्यांची वीज तोडली गेली, वायू अडला, आणि त्या वायूवर चालणाऱ्या वीजकेंद्रांचीच कोंडी झाली. म्हणजे पाणी राखले आणि उडीद सोडले.

यावर तंत्रज्ञांचा आक्षेप रास्त आहे. १५ फेब्रुवारीच्या मध्यरात्रीनंतर ते ग्रिड पूर्ण कोसळायला ४ मिनिटे ३७ सेकंद उरली होती. तेवढ्या वेळात कोणी न्यायनिवाडा करत बसत नाही, हाताला लागेल तो फीडर बंद करतो. पण यातून निघते ते वेगळेच: नैतिक निर्णय त्या रात्रीचा नव्हताच, तो आधीच्या निवांत वर्षांतला होता. फीडर वेगळे करता येतात. गुजरातने २००३पासून ज्योतिग्राम योजनेत शेतीचे फीडर गावांच्या फीडरांपासून वेगळे केलेच. त्याला पैसा लागतो, आणि तो कुठे घालायचा हे आपण ठरवतो.

दुसरा आक्षेप लायकीचा. महावितरणने भारनियमनासाठी वीजगळती आणि वसुली पाहून फीडरांचे गट पाडले. गळती जास्त तिथे अंधार जास्त. बिल भरणाऱ्याला आधी वीज, हे वरवर कर्मफळाच्या न्यायाचे दिसते. मला ते पटत नाही. कर्माचे फळ कर्त्याला मिळते, फीडरला नव्हे. शेजाऱ्याने आकडा टाकला म्हणून नियमित बिल भरणाऱ्या घरातला अभ्यास थांबावा, याला कोणत्याही धर्मविचारात आधार नाही. वसुलीसाठी कायदा आहे. टंचाईच्या यादीत गरजच मोजावी.

गरज मोजायची तर इमारती मोजून भागत नाही. घरी ऑक्सिजनच्या यंत्रावर असलेला रुग्ण रुग्णालयातल्या रुग्णाइतकाच विजेवर जगतो. टेक्सासमध्ये अशा ग्राहकांची नोंद होते, पण त्या नोंदीने अखंड पुरवठ्याची हमी मिळत नाही. प्रत्येक घरासाठी वेगळा फीडर टाकता येणार नाही, हे खरे. बॅटरी पोहोचवता येते, सिलिंडर देता येतो, तोडण्याआधी फोन करता येतो, रुग्णाला हलवता येते. ज्याला अंधारात ठेवायचे ठरले, त्याच्यासाठीची ही तरतूद यादीच्या त्याच कागदावर असली पाहिजे, आणि ती पार पाडणाऱ्या अधिकाऱ्याचे नावही.