आवाजाचा ताबा

पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंत सध्या ॲनलॉगची हवा आहे. व्हॉल्व्हचे माईक, स्पूलची टेपमशीन, जड ट्रान्सफॉर्मरचे ॲम्प्लिफायर यांच्याविषयी मंडळी भक्तिभावाने बोलतात, आणि त्या बोलण्यात आवाजाची 'ऊब' हमखास येते. ज्यांना ती यंत्रं परवडत नाहीत, ते त्यांची नक्कल करणारं सॉफ्टवेअर विकत घेतात. या उबेत अगदीच तथ्य नाही असं नाही. व्हॉल्व्हवर किंवा टेपवर ताण आला की आवाज एकदम तुटत नाही, हळूहळू दबत जातो; डिजिटलची कमाल पातळी ओलांडली की सरळ कडकडाट. पण सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव, वांगी, देवराष्ट्रे या पट्ट्यात जत्रा-तमाशे बघत वाढलेल्या माणसाला ही चर्चा जरा लांबची वाटते. आमच्याकडे ॲनलॉग फॅशन म्हणून आलं नाही, आणि गेलं तेही फॅशन म्हणून नाही. मला त्यात प्रश्न दिसतो तो ताब्याचा. कोणाचा आवाज पुढे, कोणाचा मागे, किती मोठा, हे ठरवायचं कोणी?

आधी कर्णा बघू. लिंबाच्या फांदीला बांधलेला तो पत्र्याचा भोंगा दिसायला गावठी, पण आतलं शास्त्र पक्कं आहे. अरुंद गळ्यापाशी छोटा पडदा थरथरतो आणि पुढे रुंदावत जाणाऱ्या तोंडामुळे ती थरथर बाहेरच्या हवेला नीट पकडता येते. साध्या पेटीतला स्पीकर दिलेल्या विजेपैकी जेमतेम एक-दोन टक्क्यांचा आवाज करतो. कर्णा त्याच्या दहापट कामाचा. म्हणून जीपवर एक बॅटरी, एक लहानसा ॲम्प्लिफायर आणि दोन कर्णे एवढ्यावर सभेची दवंडी अख्ख्या गावाला ऐकू जायची. मात्र साधारण तीनशे हर्ट्झच्या खाली कर्ण्याला काही जमत नाही. ढोलकीचा घुमारा तो खाऊन टाकतो, गाणं पत्र्यासारखं वाजवतो. त्याला जमतो तो शब्द. क, ट, स, च ही व्यंजनं ज्या वरच्या पट्टीत ऐकू येतात, तिथे तो अगदी तरबेज.

आणि हा मुलूख शब्दाचाच. यशवंतराव चव्हाणांचा जन्म देवराष्ट्रेचा, १९१३ चा. शेजारच्या कुंडलने इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारचा काळ बघितला. त्याचे नेते नाना पाटील यांचं भाषण शेतकऱ्याच्या तोंडच्या भाषेत असायचं आणि माणसं ते ऐकायला कोसभर चालत यायची. पुढे गावोगाव कर्णे आले ते या सभांना सोयीचे होते. कर्णा बोलणाऱ्याकडून एक शिस्त मात्र मागतो. दोन कर्णे शंभर मीटर अंतरावर असले, की एकाचा आवाज दुसऱ्यापाशी सेकंदाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याएवढा उशिरा पोचतो आणि प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. मुरलेला वक्ता तेव्हा वाक्य आखूड करतो, वाक्यानंतर थांबतो. ती थांबण्याची ढब आपण वक्तृत्वाच्या खाती जमा करतो. तिच्यातला थोडा वाटा कर्ण्याचाही आहे. आज डिजिटल यंत्रात मागच्या स्पीकरला हवा तेवढा उशीर भरून हा घोळ मिटवता येतो. ही सोय नाकारण्यात काही अर्थ नाही.

ताब्याचा खरा खेळ बघायचा तर तमाशाच्या बोर्डावर. सांगली जिल्ह्यातल्या कवलापूरचे काळू-बाळू, म्हणजे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ, यांची जुगलबंदी ज्यांनी पाहिली त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. बोर्डाच्या पुढच्या अंगाला दोन-तीन माईक, तेही सगळ्यांत मिळून. ज्याचं वाक्य, तो पुढे सरकतो. वाक्य संपलं की अर्धं पाऊल मागे. सोंगाड्याला हळूच टोमणा मारायचा असला तर तो माईकला तोंड लावतो, कारण जवळून बोललं की माईक आवाजाला खर्ज देतो. ओरडायचं असलं की मान वळवून लांबून ओरडतो. ढोलकीवाला, हलगीवाला, तुणतुणेवाला, झांजवाला मागे उभे. हलगी सगळ्यांत कडक, तिला माईकची गरजच नाही. झीलकरी मागूनच झील धरतात आणि ती मागून आल्यासारखीच ऐकू येते. हेच मिक्सिंग. ते मशीनवाल्याने केलेलं नाही. ते पायांनी, मानेने आणि गळ्याने केलेलं आहे. मशीनवाला बापडा बाजूला बसून माईक घुमू नये एवढंच बघत असतो.

मुंबईच्या सिनेगीतांचंही बराच काळ असंच होतं. एका दालनात सगळा वाद्यवृंद, मोजके माईक. व्हायोलिनं किती लांब बसवायची, बासरीवाल्याने आपल्या तुकड्याला किती पुढे यायचं, हे ठरवण्यात तालमीचा वेळ जायचा. एकाचा सूर चुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून. त्यात माणसांचा घाम किती निघाला असेल, याची आठवण जुन्या गाण्यांवर गहिवरणाऱ्यांनी ठेवलेली बरी.

ताब्याच्या या खेळात टेपने आणखी एक भर घातली. तिने वेळ हातात दिली. सांगलीचं आकाशवाणी केंद्र १९६३ चं. त्या जमान्यातल्या रेडिओचं सगळं काम स्पूलवर. सेकंदाला साडेसात इंच या वेगाने बाराशे फुटांचं स्पूल अर्धा तास चालतं. म्हणजे एक सेकंद वीतभराहून जरा कमी. वक्त्याचा खोकला काढायचा तर दोन्ही रिळं हाताने मागेपुढे फिरवत तो हेडवर नेमका पकडायचा, पिवळ्या पेन्सिलीने खूण करायची, ब्लेडने तिरका काप द्यायचा आणि टोकं चिकटवायची. काप तिरका, कारण सरळ कापलं की जोडावर टक् वाजतं. चुकून जास्त कापलं तर ते शब्द टेबलाखाली पडलेल्या तुकड्यांत शोधायचे. आज पडद्यावर तेच काम शंभरपट वेगाने होतं, चूक क्षणात मागे घेता येते. मग कापण्याआधी दोनदा ऐकायची सवय सुटते. माझी तक्रार वेगाशी नाही, या सुटलेल्या सवयीशी आहे.

आता डॉल्बी. आमच्याकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेल्या स्पीकरच्या भिंतीला डॉल्बीच म्हणतात. ती एवढी वाढली कशी, याचं उत्तर पोरांच्या बेशिस्तीत शोधायची आपल्याला घाई असते. एक साधं कारण वजनाचं आहे. जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये जाडजूड ट्रान्सफॉर्मर असायचा. हजार वॅट उचलायला दोन गडी लागायचे, आणि तापला की बंद पडायचा. नव्या स्विचिंग तंत्राचे ॲम्प्लिफायर एका हाताने उचलता येतात, कमी तापतात, आणि वॅट स्वस्त झाले. स्वस्त झालेली गोष्ट माणूस मोजून वापरत नाही. साठ हर्ट्झच्या खर्जाची एक लाट साडेपाच मीटरहून लांब असते, ती घराला वळसा घालते, मातीची भिंत तिला काय अडवणार? २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सरकारला वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. मिरवणुकीत डेसिबल मोजायला पोलीस उभे राहतात खरे, पण मोजणी होते ती आवाज झाल्यावर. कर्ण्याच्या काळी मर्यादा यंत्राच्या अंगातच होती. ती कोणाच्या शहाणपणाने आलेली नव्हती, त्यामुळे ती गेल्यावर तिच्या जागी शहाणपण आपोआप येणार नव्हतंच.

कडेगावचा मोहरम या बाबतीत विचार करायला लावतो. इथले ताबूत गगनचुंबी म्हणून नावाजलेले. बांबूच्या कामट्यांचे, आधी कळस मग पाया या उलट्या क्रमाने बांधलेले, हिंदू आणि मुसलमान दोघांच्या मानाचे. एवढा उंच डोलारा माणसांच्या खांद्यांवरून निघतो तेव्हा सगळ्यांचं पाऊल एकदम पडायला हवं. अशा कामात आवाज करमणुकीसाठी नसतो, तो दोरीचं काम करतो. तिथे उपयोगी पडते ती काठीची कडक थाप, जिची सुरुवात कानाला नेमकी कळते आणि जी कुठून आली हेही कळतं. पसरट खर्जावर पाऊल धरता येत नाही. आवाज लांबच्या स्पीकरमधून आला तर पुढच्याचं पाऊल पडून जातं तेव्हा मागच्याला ठोका ऐकू येतो. जवळचं एक वाद्य तिथे दहा हजार वॅटपेक्षा खात्रीचं. हलगीवाला पाचट पेटवून कातडं शेकतो, बोटाने टिचकी मारून बघतो, पुन्हा शेकतो, तेव्हा तो हीच कडक सुरुवात मिळवत असतो. दमट हवेत कातडं उतरतं, त्यामुळे हे काम दर थोड्या वेळाने पुन्हा.

म्हणून माईक नसलेलं जग चांगलं होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. उघड्या माळावर रात्रभर काळी चारात लावणी गाणाऱ्या बायांच्या गळ्याचं काय होत असेल ते त्यांनाच ठाऊक. माईकने त्यांना खालच्या पट्टीत, नजाकतीने गाण्याची मोकळीक दिली. आणि ॲनलॉगच्या कटकटी काय कमी होत्या? अर्थिंग नीट नसलं की हम्म, गेनच्या बटणात धूळ गेली की खरखर, सोल्डर सुटलं की आवाज येतो-जातो, युनिटचा पडदा जळला की कर्णा मुका. फक्त या प्रत्येक दुखण्याचा आवाज वेगळा होता आणि कानाने ओळखणारा माणूस तालुक्याच्या गावी मिळायचा. डिजिटल मिक्सरचा पडदा काळा पडला तर तो सर्व्हिस सेंटरला पाठवायचा आणि जत्रा उरकायची उसन्या मशीनवर.

आता तर प्रत्येकाच्या कानशिलाला वेगळा माईक असतो. कलाकार पुढे आला काय, मागे गेला काय, फरक पडत नाही. त्याला स्वतःचा आवाजही मिक्सरवाला मॉनिटरमधून जेवढा देईल तेवढाच मिळतो. ढोलकीवाला अंगठा वर करून 'मला वाढव' अशी खूण करत राहतो आणि शेवटी जोरात वाजवायला लागतो. पण याच डिजिटलने एक चांगली वाटही काढलीय. टॅबलेटवरून मिक्सिंग करता येत असल्याने ऑपरेटरला कोपऱ्यातली जागा सोडून शेवटच्या रांगेतल्या बायकांत जाऊन बसता येतं आणि तिथे काय ऐकू येतं ते स्वतःच्या कानाने कळतं. असं उठून जाणारे थोडे असतात.

जत्रा कमिटी साऊंड ठरवताना वॅट किती आणि टॉप स्पीकर किती हे विचारते. ऑपरेटरने वग आधी पाहिलाय का, हे कोणी विचारत नाही. फडाचा स्वतःचा, वर्षानुवर्षं सोबत फिरणारा मशीनवाला असला की सोंगाडी कुठल्या वाक्याला मान वळवणार हे त्याला पाठ असतं. त्याला जुना मिक्सर द्या नाहीतर नवा. भाड्याने आलेल्या पोराला ते माहीत असायचं तर त्याला दुपारच्या तालमीला बोलवावं लागेल, आणि त्या दुपारचे पैसे कमिटीला वेगळे मोजावे लागतील.