लिनीवर आले ते आणि लिनीने केले ते

परिचारिका दिन आला की रुग्णालयाच्या सभागृहात जुनेच भाषण नव्या वक्त्याच्या तोंडून ऐकू येते. मेणबत्त्या पेटतात, प्रत्येकीच्या हाती एक गुलाब येतो आणि ठरलेले वाक्य पडते: सिस्टर म्हणजे रुग्णाची दुसरी आई. पहिल्या रांगेतल्या सिस्टरना दुपारपाळीला पोचायचे असते, त्यांचे लक्ष घड्याळाकडे. गेल्या काही वर्षांत या भाषणांत केरळच्या लिनी पुथुस्सेरीचे नावही येऊ लागले आहे. आदर्श परिचारिका, आदर्श पत्नी, आदर्श माता. तिने रुग्णांसाठी प्राणांचे बलिदान दिले. एवढे झाले की हार-तुरे सुरू होतात. लिनीने नेमके काय केले, हे कुणी सांगत नाही.

ती कोझिकोड जिल्ह्यात पेरांब्राच्या तालुका रुग्णालयात कंत्राटावर होती. नवरा बहारीनमध्ये नोकरीला, दोन लहान मुलगे घरी. मे २०१८ च्या पहिल्या आठवड्यात तापाने फणफणलेल्या एका तरुणाची शुश्रूषा तिच्याकडे आली. तो ५ मे रोजी दगावला. पुढे त्याचा भाऊ तशीच लक्षणे घेऊन कोझिकोडच्या एका रुग्णालयात आला, तेव्हा तिथल्या डॉक्टरांना संशय आला आणि नमुने तपासणीला गेले. आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने ‘निपाह’ असल्याचे पक्के केले ते २० मे रोजी. २१ मेच्या पहाटे लिनी गेली. संसर्गाच्या भीतीने तिचा देह घरी नेला नाही. आरोग्य विभागाने कोझिकोडमध्येच अंत्यसंस्कार उरकले. त्या साथीत केरळमध्ये १७ जण दगावले.

या तारखा एकदा एकाखाली एक लिहून पाहाव्यात. लिनी त्या तरुणाजवळ होती तेव्हा त्याच्या रोगाचे नाव कळलेले नव्हते. तिच्यासमोर होता तापाचा एक रुग्ण, असे रुग्ण तालुक्याच्या वॉर्डात रोज येतात. मग बलिदान कसले? बलिदान करणाऱ्याला आपण काय देतो आहोत आणि कशासाठी, हे ठाऊक असावे लागते. सावित्रीबाई फुले यांना ते ठाऊक होते. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग काय करतो हे पोरासोरांनाही कळून चुकले होते. तरी मुंढव्याचे आजारी पोर पाठीवर घेऊन त्या आपल्या मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या आणि १० मार्चला त्याच रोगाने गेल्या. तो त्याग होता, हे कोण नाकारील? लिनीच्या बाबतीत तोच शब्द वापरणे म्हणजे सावित्रीबाईंची निवड हलकी करणे, आणि लिनीला अंधारात ठेवणाऱ्या परिस्थितीला हळूच माफी देणे.

बलिदानवाद्यांचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे तिची चिठ्ठी. विलगीकरणातून नवऱ्याला लिहिलेल्या त्या चार ओळी देशभर फिरल्या आणि लोक रडले; रडण्यासारखेच होते ते. पण त्यात आहे काय? पुन्हा भेट होईल असे वाटत नाही, मुलांना नीट सांभाळा, त्यांना आखातात घेऊन जा, वडिलांसारखे एकटे राहू नका. सेवा, मानवता, कर्तव्य यांतला शब्दसुद्धा नाही. ही पत्नीची आणि आईची चिठ्ठी आहे, मागची व्यवस्था लावणारी. मरण आपण निवडले असे ती कुठेही म्हणत नाही. ते अंगावर आले आहे आणि आता घराचे काय, एवढेच ती बोलते. या चिठ्ठीतून हौतात्म्य वाचायचे तर ती आधी बाजूला ठेवावी लागेल.

अंगावर आलेली गोष्ट आणि हातून केलेली गोष्ट, हा फरक इथे सोडून चालणार नाही. विषाणू लिनीवर आला. तिने केले ते वेगळेच. वॉर्डातल्या माणसाची नीट निगा ठेवली, हे एक. दुसरे त्याहून मोलाचे: ताप चढल्यावर तिला आपल्या लक्षणांची शंका आली आणि रुग्णालयात पोचल्यावर, मला इतरांपासून वेगळे ठेवा, असे तिनेच सांगितले. रोगाचे नाव माहीत नसताना त्याची चाल तिने ओळखली. प्रशिक्षण आणि वॉर्डात घालवलेली वर्षे, याखेरीज हे कुठून येते? त्या क्षणी तिने किती जणांना वाचवले असेल हे मोजता येणार नाही. न झालेल्या संसर्गाची नोंद कुठल्याच केसपेपरवर नसते.

आणि इथेच ‘दुसरी आई’ कोसळते. आईची ओढ जवळ घेण्याची असते. आजारी आईला पोटची पोरे उशाशी हवी असतात, आणि तसे वाटण्यात गैर काही नाही. लिनी आई होतीच, चिठ्ठी त्याची साक्ष आहे. पण मला वेगळे ठेवा असे म्हणणारी बाई तिच्यातल्या आईच्या ओढीविरुद्ध बोलत होती, परिचारिका म्हणून बोलत होती. तिच्या कौशल्याला मातृत्वाचे एक रूप म्हणणे हा गौरव नव्हे. तो त्या कौशल्याचा पगार बुडवण्याचा सभ्य मार्ग आहे. आईला वेतनश्रेणी नसते, आईला साप्ताहिक सुट्टी नसते, एका आईकडे लेकरे किती असावीत याचे प्रमाण कुठला नियम ठरवत नाही. परिचारिकेला हे सगळे लागते. ते मागायला ती रस्त्यावर उतरली की हेच वक्ते विचारतात, आई कधी संप करते का?

मुंबईच्या केईएमचे उदाहरण घ्या. १९७३ मधल्या हल्ल्यानंतर परिचारिका अरुणा शानबाग ४२ वर्षे तिथे अंथरुणाला खिळून होती. सहकारी परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी तिला सांभाळले. इतक्या वर्षांत तिला बेडसोर होऊ दिले नाहीत, ही गोष्ट नुसत्या मायेने साधत नाही. कूस बदलणे, त्वचा तपासणे, भरवणे, पुढच्या पाळीला सगळे सांगून जाणे, हे वेळेवर आणि न चुकता करावे लागते. माया असेलही, पण ज्या सिस्टरला त्या दिवशी माया दाटून आली नसेल तिनेही कूस बदललीच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या जिम कॅम्पबेल यांनी २०१८ मध्ये लिनीचे नाव आणखी दोघींच्या जोडीने घेतले होते: गाझाची रझान अल-नज्जार आणि लायबेरियाची सलोमे कारवा. सलोमेची कहाणी बलिदानाच्या साच्यात मुळीच बसत नाही. इबोलाने आई-वडील नेले, ती स्वतः वाचली आणि त्याच उपचार केंद्रात रुग्णांची काळजी घेऊ लागली. २०१४ मध्ये ‘टाइम’ने इबोलाशी झुंजणाऱ्यांचा गौरव केला, त्यात ती मुखपृष्ठावर झळकली. फेब्रुवारी २०१७ मध्ये बाळंतपणानंतर तिला झटके येऊ लागले, तेव्हा इबोलाच्या भीतीने कर्मचारी तिला हात लावायला धजले नाहीत, असे तिच्या बहिणीने सांगितले. ती गेली. तिने कुठला त्याग केला म्हणायचे? दुसऱ्यांसाठी जे तिने केले ते तिच्यासाठी कुणी केले नाही.

सैनिकाप्रमाणे परिचारिकेनेही धोका गृहीत धरावा, असे काही जण म्हणतात. सैनिकाला निदान शत्रू कोण ते सांगून पाठवतात. 

आता सिलिगुडीकडे पाहा. २००१ मध्ये तिथे निपाहने थैमान घातले होते; साठांहून अधिक रुग्ण, ४५ मृत्यू, आणि बहुतेकांना लागण झाली ती रुग्णालयातच. रोगाचे नाव पुढे निष्पन्न झाले, अभ्यास छापून आला. म्हणजे त्या अभ्यासापासून मोजले तरी निपाह वॉर्डातून पसरतो हे या देशाला लिनीच्या मृत्यूआधी बारा वर्षे माहीत होते. ही माहिती संस्थांच्या कपाटात राहिली, तालुक्याच्या रुग्णालयातल्या सिस्टरपर्यंत पोचली नाही. सिलिगुडीत गेलेल्या परिचारिकांची नावे आज कुणाला आठवतात?

लिनीला विसरले नाहीत, हे मान्य करायला हवे. केरळ सरकारने तिच्या नावाने पुरस्कार सुरू केला, २०१९ मध्ये तिला मरणोत्तर राष्ट्रीय फ्लोरेन्स नाइटिंगेल पुरस्कार मिळाला, मुलांच्या नावे प्रत्येकी दहा लाख रुपये ठेवले गेले आणि नवऱ्याला आरोग्य खात्यात सरकारी नोकरी दिली गेली. सरकारने उशीर केला नाही. तरीही जी कायम नोकरी लिनीला जिवंतपणी मिळाली नव्हती ती तिच्या मृत्यूने घरात आली, हे सन्मानपत्रावर लिहिलेले नसते.

जून २०१९ मध्ये एर्नाकुलममध्ये निपाहचा रुग्ण पुन्हा आढळला. या वेळी संशय लवकर आला, त्याला वेगळे ठेवले गेले, संपर्कातल्या माणसांवर पाळत ठेवली गेली. तो तरुण बरा होऊन घरी गेला, आणि त्याच्यापासून एकाही परिचारिकेला लागण झाली नाही.